हजेरीतली जोडाक्षरं

सोलापूरच्या पूर्व भागात मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीचा वर्ग हाती आला की पहिली हजेरी घेतानाच समोर कोण बसलंय ते कळतं. चिप्पा, बोल्ली, गड्डम, यन्नम, गुर्रम, दासरी. मधेच एखादा शिंदे, एखादी शेख, एखादा बिराजदार. पद्मशाली समाज काही पिढ्यांपूर्वी तेलंगणातून विणकामासाठी इथे आला आणि इथलाच झाला, पण घरात तेलुगू टिकून आहे. अक्कलकोट भागातून आलेल्या घरांत कन्नड, मुसलमान घरांत दख्खनी. गल्लीत या सगळ्यांची सरमिसळ. वर्गात मात्र मूल येतं ते थेट पुस्तकी मराठीसमोर.

ही हकीगत माझ्या गेल्या वर्षीच्या तिसरीची आहे. मी मूळची मंगळवेढ्याकडची, घरी मराठीच. तेलुगू मला मुलांनी शिकवली, तीही मोडकीतोडकी. पण वाचायला शिकवण्याच्या कामात त्या मोडक्या तेलुगूचा जेवढा उपयोग झाला, तेवढा दुसऱ्या कशाचा क्वचितच झाला असेल.

जूनमध्ये शाळा भरली की मी लगेच पाठ्यपुस्तक उघडत नाही. एकेका मुलाला शेजारी बसवते. काही सुटे शब्द वाचायला देते, पाच-सहा ओळींचा उतारा देते, स्वतःचं नाव लिहायला सांगते आणि शेवटी एक चित्र पुढे ठेवून म्हणते, "हे काय चाललंय, सांग बरं." चित्रावरचं बोलणं मी कधीच गाळत नाही. मूल वाचत नाही तेव्हा अडचण अक्षरांत आहे की भाषेत, ते तिथेच समजतं.

त्या वर्षी वर्गाचे ढोबळ तीन गट पडले. काही मुलं अक्षरं ओळखायची, पण 'का' आणि 'न' वेगवेगळे म्हणून झाल्यावर 'कान' हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नव्हता. काहींना अक्षरंही धड ओळखता येत नव्हती; भ आणि म, घ आणि ध हे त्यांना सारखेच दिसत. तिसरा गट मला जास्त काळजीचा वाटला. ही मुलं उतारा धडाधड वाचायची. एक मुलगा तर इतक्या वेगानं वाचायचा की कुणीही पाठ थोपटावी. उताऱ्यात चिमणी वळचणीला बसली होती. "चिमणी कुठे बसली?" असं विचारलं तर तो माझ्याकडे बघत राहिला. वळचण त्याला माहीत नव्हती. ते एक वेळ समजण्यासारखं आहे, पत्र्याच्या आणि स्लॅबच्या घरांत वळचण कुठून येणार? पण "पावसात भिजली म्हणून" हे वाक्यही त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. 'म्हणून' या शब्दानं दोन गोष्टी जोडल्या जातात, हे त्याला कुणी मराठीत ऐकवलंच नव्हतं.

मुलांना पायाभूत वाचन आणि गणित यावं म्हणून २०२१ साली केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान सुरू झालं, तेव्हापासून तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचणं हे लक्ष्य ठरलेलं आहे. लक्ष्य चांगलं आहे. पण घड्याळ लावून शब्द मोजणं सोपं आणि 'अर्थ समजून' मोजणं अवघड, त्यामुळे प्रत्यक्षात मोजलं जातं ते पहिलंच. मी माझ्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे दोन रकाने ठेवले: वाचतो कसा आणि सांगतो काय. दुसरा रकाना रिकामा असेल तर पहिल्यात बरोबरची खूण करायची नाही, एवढं मी ठरवून पाळलं.

अक्षरगटापासून आम्ही सुरुवात केली. सबंध बाराखडी पाठ करून घ्यायची आणि मग शब्दांकडे वळायचं, या वाटेनं मूल फार उशिरा वाचायला लागतं, आणि तोवर त्याची वाचण्याची हौस संपून जाते. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी आणि पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ सोनाळ्याच्या क्वेस्ट या संस्थेत नीलेश निमकर यांनी मराठी वाचनावर वर्षानुवर्षं काम केलंय; आमच्यासारख्या शिक्षकांना त्याचा मोठा आधार आहे. मी पहिला गट घेतला तो क, म, न, र, ल, स, आ आणि काना. एवढ्यावर काम, कान, नाक, मान, लाल, रान, मका, सामान असे कितीतरी शब्द होतात आणि वाक्यंही होतात. "मामा आला." "नाना कामाला." "माल आला."

"माल आला" हे वाक्य फळ्यावर लिहिलं आणि वर्गात गलका झाला. ज्यांच्या घरी यंत्रमागाचं काम, त्यांच्यासाठी माल म्हणजे सूत. ज्यांच्या आया विड्या वळतात, त्यांच्यासाठी पान आणि तंबाखू. दोन अक्षरांच्या दोन शब्दांवर मुलं तासभर बोलत राहिली. मी तो तास मोडला नाही. दिसायला सारखी असलेली अक्षरं एका गटात आणायची नाहीत, एवढं पथ्य पुढे पाळलं. भ शिकवला तो म पक्का झाल्यावर बऱ्याच दिवसांनी, आणि घ-ध यांची तर गाठ मी दिवाळीपर्यंत पडू दिली नाही. पहिल्या वेलांटीला वेळ लागला. डोळ्याला आधी वेलांटी दिसते, तोंडात मात्र आधी अक्षर येतं. 'किती' वाचताना मुलं तिथेच थबकायची. त्यासाठी बोट अक्षरावर ठेवून मग वेलांटीकडे नेण्याची सवय लावली. उकार आणि मात्रा त्या मानानं लवकर बसल्या.

दुसऱ्या गटात एक मुलगी होती. जूनभर तिचा आवाज मी ऐकला नव्हता. विचारलं की मान खाली. डबा खाताना मात्र मैत्रिणींशी तेलुगूत अखंड बोलायची. जुलैत एकदा मधल्या सुट्टीनंतर तिला जवळ घेऊन बसले आणि विचारलं, "अम्मा काय करते?" ती म्हणाली, "आकु." आकु म्हणजे पान. इथे विडीचं पान, तेंदूचं. मग तिनं हातानंच दाखवायला सुरुवात केली. पान भिजवून मऊ कसं करायचं, पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीनं कसं कापायचं, तंबाखू किती घ्यायची, बोटांत कसं वळायचं, दोरा कसा गुंडाळायचा. इतकं नेमकं दाखवत होती की मला शब्द पुरवावे लागले नाहीत. अर्धं तेलुगू, अर्धं मराठी, पण सगळं सलग. ती बोलेल ते मी मोठ्या अक्षरात कागदावर उतरवून घेतलं (अव्वा म्हणजे आजी):

"अम्मा पान भिजवतं. अव्वा पान कापतं. मी दोरा देते. हजार झालं की अम्मा जातं."

तिनं तो कागद हातात घेतला आणि वाचला. अडखळत, काही ठिकाणी आठवून, पण बोट शब्दाखाली ठेवून. 'दोरा'मधला द आम्ही अजून शिकवलेला नव्हता. तो तिनं त्या दिवशी घेतला आणि पुन्हा सोडला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून 'दोरा', 'दार' आणि 'दासरी' हे शब्द पाटीवर लिहून आणले. दासरी तिच्या शेजारणीचं आडनाव.

त्या कागदावरून आमच्या शाळेत वाद झाला. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाल्या, "अम्मा भिजवतं, अव्वा कापतं, हे अशुद्ध तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून देताय? मुलं हेच पक्कं करतील." त्यांची तळमळ खरी होती. पण मी माझ्या म्हणण्यावर ठाम राहिले आणि आजही आहे. तेलुगूत एकवचनात पुरुषाचं क्रियापद वेगळं असतं. बाई, जनावर आणि वस्तू यांना मात्र एकच रूप चालतं. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. म्हणून आमची मुलं "ताई आलं", "भाकरी खाल्लं", "खुर्ची पडलं" असं म्हणतात. यात डोकं चालत नाही असं काही नाही, उलट आपल्या भाषेचा नियम ती काटेकोरपणे पाळतात. वाचायला शिकणाऱ्या मुलाला पहिली खात्री ही हवी असते, की मी बोललो तेच कागदावर आहे. ती "कापतं" म्हणाली आणि मी "कापते" लिहिलं, तर तिचं बोट एका अक्षरावर आणि तोंड दुसऱ्यावर. अशानं अक्षरांवरचा तिचा विश्वास उडेल. लिंग नंतर शिकवता येतं, तो विश्वास एकदा गेला की परत आणणं फार कठीण.

आणि लिंग आम्ही शिकवलंच. दिवाळीनंतर मुलांचे असे कागद भिंतीवर लावले आणि शेजारी तोच मजकूर पुस्तकातल्या मराठीत. मुलांना विचारलं, काय वेगळं दिसतंय? शोधायला त्यांना मजा आली. मग खेळ सुरू झाले: वर्गातल्या वस्तूंना तो, ती, ते लावायचं. फळा तो, खिडकी ती, कपाट ते. मराठीत याला सरळ नियम नाही, कानानंच बसावं लागतं, म्हणून मी रोज दहा मिनिटं गोष्ट वाचून दाखवायचे. पुस्तक मुलांकडे तोंड करून धरायचं, सावकाश वाचायचं, मधे थांबायचं आणि पुढे काय होईल ते कुठल्याही भाषेत सांगू द्यायचं. तेलुगूत सांगितलं तर दुसरं कुणीतरी मराठीत सांगतं. वेगानं वाचणारा तो मुलगा याच वेळेत फुलला. दुभाष्याचं काम त्याला मिळालं. एकाचं ऐकून दुसऱ्यांना मराठीत सांगायचं, तर अर्थ डोक्यात धरावाच लागतो. "म्हणून", "पण", "तरी", "तोपर्यंत" हे शब्द त्याच्या बोलण्यात आले ते त्या दुभाषेपणातून. त्यानंतर काही आठवड्यांनी त्याच्या नावापुढचा दुसरा रकाना भरायला लागला.

आता जोडाक्षरांबद्दल. शाळांमध्ये जोडाक्षरं शेवटी शिकवायची, ती अवघड असतात, असा एक समज आहे. आमच्या मुलांच्या बाबतीत तो मला कधीच पटला नाही. ज्या मुलाचं आडनाव चिप्पा आहे तो पहिलीपासून वहीवर जोडाक्षर लिहितोय. घरात अम्मा, अक्का, अव्वा, अण्णा. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. जोडाक्षर त्यांच्या तोंडात आणि हातात आधीपासूनच असतं. म्हणून मी हजेरीच फळ्यावर घेतली.

आधी दांडीची अक्षरं: चिप्पा, बोल्ली, यन्नम, अम्मा, अव्वा. पहिल्या अक्षराची दांडी काढायची आणि दुसऱ्याला चिकटवायचं. मग क: अक्का, अक्कलकोट. इथे दांडी मधोमध, म्हणून शेपूट आखडायचं. मग दांडीच नसलेला ड: गड्डम, गड्डा. इथे पाय मोडायचा. शेवटी र, कारण तो कुठे डोक्यावर बसतो, कुठे पायाशी जातो: गुर्रम, मार्कंडेय, श्रीराम. आपल्या आडनावाची पाळी आली की ते मूल फळ्याशी येऊन दाखवायचं. शिंदे आणि शेख म्हणाले, आमच्यात जोडाक्षर नाही. मग त्यांच्या आयांची, आजोबांची नावं शोधली गेली, तिथे सापडली.

एका आजींची आठवण इथे सांगायलाच हवी. त्या नातवाला सोडायला आल्या होत्या, फळा बघून आत आल्या. तेलुगू लिहिता-वाचता येणाऱ्या. त्यांनी खडू घेतला आणि चिप्पा तेलुगूत लिहून दाखवलं. तेलुगूत दुसरा प पहिल्याच्या खालच्या अंगाला येतो. त्याला वत्तु म्हणतात. मुलं थक्क झाली. आपली अव्वा फळ्यावर लिहिते आणि बाई खाली बसून बघतात, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. आजींनी मला विचारलं, "तुमचं बाजूला बसतं, आमचं खाली बसतं, आवाज एकच ना?" आवाज एकच. वर्णमालेचा क्रमही तोच, काना-मात्रांची रीतही तीच. त्यानंतर महिन्यातून एखादा तास मी आजी-आजोबांसाठी राखून ठेवला.

डिसेंबरमध्ये मुलांना घेऊन चार हुतात्मा पुतळ्यांपाशी गेलो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १९३० च्या सोलापूरच्या लढ्यानंतर १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्याला फाशी दिली. नावं वाचायला मी मुद्दाम मुलांनाच पुढे केलं. मल्लप्पामधले ल्ल आणि प्प वर्गातले होतेच, कुर्बानचा रफार गुर्रममधून आलेला. 'हुतात्मा' हा शब्द एका मुलीनं तोडून तोडून वाचला आणि अर्थ विचारला. मी सांगितला. परत येताना तिनं विचारलं, "चौघं वेगवेगळ्या घरचे होते ना?" तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं, आणि त्यावर वर्गात दोन दिवस बोलणं झालं. अशा तासात किती शब्द वाचून झाले ते मी मोजत नाही.

लिहिण्याला खरा जोर आला तो गड्ड्यानंतर. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, सात नंदीध्वज, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचे पाळणे आणि शोभेचं दारूकाम. इथल्या मुलाला यावर लिहायला विषय द्यावा लागत नाही. मी एवढंच सांगितलं: सगळं लिहायचं नाही, तुम्ही कुठे थांबून बघत राहिलात तेवढंच लिहा. "मी गड्ड्याला गेलो, खूप मजा आली" या वाक्यावर निबंध संपायचा, तो या एका अटीनं बदलला. एकानं पाळण्याखालच्या इंजिनाबद्दल लिहिलं: ते कसं धूर सोडतं आणि चालवणारा मामा कानात कापूस घालतो. एकीनं नंदीध्वज पेलणाऱ्याच्या पायांबद्दल लिहिलं. कुणी "बघायलाव" लिहिलं, कुणी "पाहत होतो". दोन्ही मी ठेवलं. ऱ्हस्व-दीर्घ सुधारला तो एका वेळी एकच नियम घेऊन: शब्दाच्या शेवटी वेलांटी आली तर ती बहुतेक दुसरी. मी, पाणी, गाडी, बोल्ली. बाकीच्याला हात लावला नाही. तपासलेली वही लाल रेघांनी भरली की मूल पुढच्या वेळी तीन ओळीच लिहितं, हे मी वर्षानुवर्षं बघत आले आहे.

पालकांच्या सभेला आया फारशा येत नाहीत. दोष कुणाचा नाही. हजार विड्यांमागे मजुरी मिळते, एक दुपार गेली की त्या दिवसाचं काम गेलं. म्हणून मीच घरी जात राहिले. जाताना मुलाचा एक कागद न्यायचे आणि त्यालाच वाचायला लावायचे. आई पानं कापता कापता ऐकायची. घरी अभ्यास घ्या असं मी सांगितलं नाही. सांगितलं ते असं, की वळताना त्याच्याशी बोला, तेलुगूतच बोला, तो सांगेल ते ऐका. एका आईला हे पटेना. "मराठी शाळेत घातलंय ते मराठी यावं म्हणून ना, बाई? घरी तेलुगू बोललं तर मागं पडेल." हा प्रश्न बहुतेक घरांत असतो, आणि तो मुलाच्या भल्यापोटीच असतो. तिला मी तिच्याच मुलाचा कागद दाखवला. तेलुगूत सांगितलेली गोष्ट त्यानं मराठीत लिहिली होती. तिनं कागद ठेवून घेतला, पण पूर्ण पटलं असं म्हणणार नाही.

वर्षाच्या शेवटी सगळी मुलं वाचायला लागली का? नाही. दोन-तीन मुलांचं घर वर्षाच्या मध्येच बदललं. जानेवारी २०२४ मध्ये सोलापूरजवळ कुंभारीच्या रे नगर या कामगार वसाहतीत १५,००० घरांच्या चाव्या मिळाल्यापासून शहरातली बरीच विडी कामगार कुटुंबं तिकडे जात आहेत. हक्काचं घर मिळालं याचा आनंदच आहे. पण तिथल्या नव्या शाळेत मुलाची ओळख पुन्हा पहिल्यापासून होते. अशा प्रत्येक मुलाबरोबर मी त्याचे कागद आणि माझ्या वहीतले दोन्ही रकाने लिहून दिले. पुढच्या बाईंनी ते बघितले तर त्याचे दोन महिने वाचतील. वर्गातला एक कन्नडभाषक मुलगा अजूनही शब्द फोडून वाचतो. माझी कन्नड तेलुगूइतकीही नाही, ती आता शिकायला घेतली आहे.

यंदा मी त्याच मुलांबरोबर चौथीत आले. आता परिच्छेद करणं, प्रश्न काढणं आणि पाठ्यपुस्तकातला मजकूर स्वतःच्या शब्दांत सांगणं यावर भर आहे. आणि एक नवं काम मुलांनीच काढलं: आठ पानांच्या पुस्तिका. एका पानावर चित्र, खाली दोन ओळी, अक्षरं मोठी, जोडाक्षरं आडनावातली. 'अव्वाची कात्री', 'माल आला', 'पाळण्याचं इंजिन', 'कुक्का आणि मांजर' अशी नावं त्यांनी ठरवली आहेत. 'कुक्का आणि मांजर'मध्ये कुत्रा तेलुगू बोलतो आणि मांजर मराठी. या पुस्तिका पुढच्या जूनमध्ये पहिलीच्या बाईंकडे द्यायच्या आहेत. तीन पुस्तिकांची चित्रं अजून बाकी आहेत, आणि 'माल आला'च्या शेवटच्या पानावर माल कुठला दाखवायचा, सूत की पान, यावर वर्गाचं अजून एकमत झालेलं नाही.